शीडवाल्याने शिवलेला टप आणि माझी पडवी

माझ्या वारसांनो, आणि वारस नसूनही वाचनाला हजर राहणाऱ्या आप्तांनो,

तुमचे कोणत्याही गोष्टीवर एकमत झालेले मी आजवर पाहिले नाही. माझ्याविरुद्धच्या एका तक्रारीवर मात्र तुम्ही सारे एक आहात. म्हाताऱ्याने जुन्या मोटारीच्या टपापायी सहा वर्षे घालवली, असे तुम्ही म्हणता. तक्रार खरी आहे. तिचा निकाल याच कागदात लावला आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा. दागिन्यांचे कलम शोधू नका, ते नाही.

मी विश्राम गोविंद चुरी, वय एकाहत्तर, पूर्वी शिक्षक व नंतर बिनपगारी वक्ता, राहणार माहीम रस्ता, पालघर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझा मुलगा एका दाखल्यावर विश्वास ठेवणार नाही, म्हणून दोन प्रती जोडल्या आहेत. मी हा पावसाळा काढीन, असा दाखला मात्र डॉक्टर देत नाहीत.

कलम पहिले. राहते घर, पुढची पडवी सोडून, पत्नी रत्नाबाई हिला तिच्या हयातीपर्यंत. तिच्या मागे मुलगा कृष्णकांत व मुलगी शकू यांना निम्मे-निम्मे. 'निम्मे' या शब्दापाशी कृष्णकांत खाकरेल. स्त्रियांच्या हक्कांवर मी डहाणूपासून सफाळ्यापर्यंत भाषणे ठोकली आणि टाळ्या घेतल्या. टाळ्या परत करता येत नाहीत, म्हणून अर्धे घर देतो.

कलम दुसरे. माझी पुस्तके तालुक्यातल्या अशा शाळेला द्यावीत, जिच्या कपाटाला कुलूप नाही. कुलूप लावून ज्ञान राखणाऱ्या शाळांत मी तीस वर्षे नोकरी केली आहे.

कलम तिसरे, म्हणजे मोटार. ही १९३४ सालची इंग्रजी बनावटीची गाडी मी डहाणूच्या एका बागाईतदाराकडून घेतली. कापडी टप मागे घडी घालायचा, मागच्या बैठकीवर उभे राहायचे आणि बोलायचे. व्यासपीठासाठी कोणाच्या पाया पडावे लागत नाही, हे पाया पडून घेणाऱ्यांना फार खुपले. एकसष्टच्या पावसाळ्यात टप फाटला आणि माझी वणवण सुरू झाली.

प्रथम मुंबई गाठली. तिथला कारखानदार म्हणाला, "मास्तर, विलायतेला लाजवील असा करून देतो." त्याने रेक्झिन चिकटवले. घडी घालायला गेलो तर लोखंडी कमान वाकली, टप नाही. आणि पहिल्याच उन्हात तो तडकला. ते रेक्झिन मी जपून ठेवले आहे. ते आमच्या व्याख्यानमालेच्या चिटणीसांना द्यावे. माझे भाषण त्यांनी 'जहाल' ठरवून रद्द केले होते. कुठे वाकायचे ते न कळणारी आणखी एक वस्तू त्यांच्या कार्यालयात शोभेल.

मग पालघरातल्या एका गादीवाल्याला गाठले. त्याने गादीला घालतात तसे टाके घातले. पुढच्या पावसात प्रत्येक टाक्यातून स्वतंत्र धार लागली. मी छत्री उघडून मोटार चालवत होतो आणि गाव पाहत होते.

शेवटी किनाऱ्यावरच्या मुरबे गावी देवू तामोरेकडे गेलो. त्याच्या घरात तीन पिढ्या होड्यांची शिडे शिवतात. त्याने टप बोटांनी चाचपला.

"मास्तर, हा टप नाय, गोधडी हाय."

"तुला जमेल?"

"शीड दर्यावर जातं. तुमची गाडी बोयसरला जानार. तुमीच सांगा."

त्याने जाड सुती कापड घेतले, दोऱ्याला मेण चोळले, काठ दुहेरी दुमडून शिवले. काम देखणे झाले. मी बोयसरच्या रस्त्याने मोटार जोरात सोडली आणि टप डोक्यावर फुगला, फुगतच गेला. नाक्यावर एक मजूर ओरडला, "मास्तर, गाडी गाभन हाय का?"

देवूला जाब विचारला. तो म्हणाला, "शिडाला पोट ठेवावंच लागतं. नायतर वारा धरील कसा?"

"अरे, मला वारा धरायचा नाही, टाळायचा आहे!"

"मंग आदी बोलायचं ना. जल्मभर तर तुमी वाऱ्यासमोर उबे."

माझ्या चाळीस वर्षांच्या कार्याचा इतका नेमका सत्कार कोणत्याही सभेने केला नाही.

त्याने सगळी शिवण उसवली आणि पोट काढून टप पुन्हा शिवला. मग टप चढवून आत बसला, बिडी पेटवली आणि म्हणाला, "वैनी, वता पानी." रत्नाबाईने पाच कळश्या ओतल्या, तिचा उत्साह मला जरा संशयास्पद वाटला. बिडी विझली नाही. सुती दोरा भिजला की फुगतो आणि सुईचे भोक आपणच बुजवतो, हे मुंबईच्या कारखानदाराला ठाऊक नव्हते. सबब सहा वर्षे मी मूर्खासारखा शोधत होतो ते दुकान चार कोसांवर होते. त्याला पाटी नव्हती, एवढाच त्याचा गुन्हा.

ही मोटार कृष्णकांतला देतो. अट एकच: टप कापडाचाच राहील. त्याचा बेत मला ठाऊक आहे. "बाबा, वर पत्रा ठोकू आणि बोयसर स्टेशन ते तारापूर माणसं वाहू. अणूची वीज होतेय तिकडे, आणि तुम्ही कापड काय घेऊन बसलात?" पत्रा ठोकल्यास त्या दिवसापासून मोटार शकूची. तिला चालवता येत नाही. पण ती शिकेल, आणि भावाच्या दारावरून रोज नेईल.

कलम चौथे आणि शेवटचे, ज्यासाठी बाकीची लिहिली. होड्यांना इंजिने आली. गेल्या हंगामात देवूकडे एकच शीड शिवायला आले. परवा तो म्हणाला, "पावसाळा सरला का तारापुरला घमेली उचलाया जातो." मी इंजिनाविरुद्ध नाही. मच्छीमाराचा जीव वाऱ्याच्या मर्जीवर राहू नये, असे मीच मुरब्याच्या किनाऱ्यावर गरजलो होतो. त्या भाषणात शीड शिवणाऱ्याचे पुढे काय, यावर एकही वाक्य नव्हते. ते वाक्य आज लिहितो.

माझ्या घराची रस्त्याकडची पडवी देवू तामोरे याला टप शिवण्याच्या दुकानासाठी कायमची देत आहे. त्याला विचारले तेव्हा तो उसळला, "दान नको. मी भिकारी हाय का?" म्हणून हे दान नव्हे. मोबदल्यात त्याने आपल्या हयातभर माझ्या मोटारीचा टप राखावा आणि शिकायला येईल त्याला हा टाका शिकवावा. यावर तो विचार करून म्हणाला, "हां. हा येवहार झाला."

कृष्णकांत, त्या पडवीत तुला तिकिटांची खिडकी काढायची होती. तू कोर्टात जाशील, वकील तुला आशा दाखवतील, आणि तोवर पाऊस संपून त्या हातात घमेले आलेले असेल. घमेले उचलून ताठरलेली बोटे पुन्हा सुई धरत नाहीत. म्हणून हा कागद मला उचलण्याआधीच वाचायला सांगितला आहे, आणि बाप या नात्याने एकच सांगतो. माझ्या तेराव्याची वाट पाहू नकोस. मला पोचवून आलास की अंघोळ कर, मुरब्याला जा, देवूला 'काका' म्हणून हाक मार आणि पडवीची किल्ली त्याच्या हातात दे.

ठिकाण: पालघर. दिनांक: ७ मे १९६७.

सही: विश्राम गोविंद चुरी

आमच्या देखत मृत्युपत्रकर्त्याने सही केली. सही करताना तो हसत होता, पण शुद्धीत होता:
१. भगवंत सखाराम सावे, निवृत्त पोस्टमास्तर
२. डॉ. चंद्रभान रामजी वाघचौरे