नलूच्या जोडीला कोणता सिनेमा

३ नोव्हें., सोम. अकोला
विलासचा अमरावतीहून फोन. महिन्यातून एक रविवार तो मित्रांना घरी जमवतो आणि लागोपाठ दोन स्वस्तातले भुताचे सिनेमे दाखवतो. "या खेपेले आपलाच लावतो मास्तर, पातूरच्या लेण्यातला. जोडीले कोणता लावू?"
वीस वर्षांपूर्वी त्यानेच काढलेला. त्यात भूत झाली होती माझी बायको, नलू. ती जाऊन दोन वर्षं झाली. हलती-चालती नलू तेवढ्या एका डिस्कवर, आणि डिस्क विलासकडे.

५ नोव्हें.
जोडी जमत नाही. रक्ताचा नको, आपला फिका पडेल. रबरी सापाचा मुळीच नको, लोक एकदा हसायला लागले की थांबत नाहीत. शेवटी विहिरीतल्या बाईचा सांगितला. संथ आहे, रडवतो. आधी तो, मग नलू. विलास म्हणे, "पक्कं."

९ नोव्हें., रवि. अमरावती
भर दुपारी पडदे ओढून बसलो. सहा जण, मी सातवा. लावला रबरी सापाचाच! "तुह्या विहिरीवालीत झोपले असते ना सारे." साप दिसला की टाळ्या.
मग नलू. पांढरं पातळ, मोकळे केस, लेण्याच्या दारात.
"अबे, भुताच्या पायात चप्पल!"
हशा. विलास सर्वांत मोठ्यानं. मे महिना होता, दगडांनी तिचे तळवे पोळले, तेव्हा चप्पल यानेच आणून दिली होती. "घाला वहिनी, कॅमेऱ्यात नाही येत."
उठून जावंसं वाटलं. पण शेवटी ती पुन्हा येते. बसलो.

१० नोव्हें.
ती माझी बायको, हे त्या लोकांना ठाऊकच नव्हतं. विलासनं सांगितलं नाही. मीही कुठं सांगितलं.

१२ नोव्हें.
डिस्क मागितली. "एवढं काहून मनाले लावून घेतो? वहिनीबी हसल्या असत्या."
हसली असती. म्हणूनच जास्त राग.

१८ नोव्हें.
डिस्क आली. चिठ्ठी नाही. नागपूरला लेकीला, मंजूला कळवलं. "बाबा, मी तवा पाच वर्साची. मले कधी दाखवलाच नाही तुमी." शनिवारी येते म्हणाली.

२२ नोव्हें., शनि.
मंजू आली. दारातच विचारलं, "आईचा आवाज आहे ना त्याच्यात?"
मी हं म्हणालो.
आवाज दुसऱ्याच बाईचा आहे. नलूची वऱ्हाडी विलासला चालली नाही. भूत शुद्ध बोललं पाहिजे, म्हणे. तेव्हा मीही मान डोलावली होती.
मंजू चहा टाकून राहिली आहे. टीव्ही लावून ठेवा म्हणते.