आपलंच शेत काऊन उघडं

कामठा,
ऑक्टोबर २०१६

तिलकदादा,

पुण्यात बसून तू कॉम्प्युटरवर उपग्रहाचा नकाशा उघडतोस आणि आपलं शेत किती हिरवं आहे ते पाहतोस. गेल्या महिन्यात त्यासाठीच तुझा फोन आला.

"साऱ्या कामठ्याचा धान हिरवागार दिसून राहिला, आपलंच शेत काऊन उघडं? तू झोपून होती का?"

"रोवणी नाही झाली," मी म्हटलं. का नाही झाली, हे तू विचारलं नाहीस.

रोवणीच्या तोंडावर बाबूजी शेतात, धानाच्या बांधीतच कोसळले. लकवा मारला. मी त्यांच्याजवळ गोंदियाच्या दवाखान्यात होते. तेव्हाच तुला सांगणार होते, पण "मीटिंगमध्ये आहे" म्हणून तू दोनदा फोन कापलास.

गेल्या महिन्यात तुझा तो फोन आला, तेव्हा तुझा आवाज ऐकून बाबूजींनी डाव्या हाताने फोन मागितला. "बाबूजींशी बोल," म्हणून मी तो त्यांच्या कानाला लावला. तू नकाशाचंच बोलत राहिलास. असं पडीक ठेवण्यापेक्षा शेत विकून टाकू म्हणालास. मग विचारलंस, "बाबूजी, ऐकून राहिले ना?"

त्यांच्या तोंडून नुसती घरघर निघाली.

"नेटवर्क खराब आहे," म्हणत तू फोन ठेवलास. बाबूजींनी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. टाकलं तर तू धावत येशील, त्यांच्या पायाशी बसून रडशील आणि ते तुला लगेच माफ करतील. मला ते पाहायचं नाही.

इथेच असलेली,
ओमेश्वरी