रापणीचे मार्क

१७ ऑगस्ट २००९
विजूची मेल आली, नातीने, मनीने वाचून दाखवली. आईचा गुडघा कसा, बाबांचा दमा कसा, मनीचा घसा बसला होता तो सुटला का, गाय उठते का. पुण्यात बसून गायीची चौकशी; पोरगा माझाच. कळवलं: हिचा गुडघा चढणीला कुरकुरतो, दमा गप्प, मनीचा घसा जरा जास्तच सुटलाय, गाय उठली.
मेलीत खाली कामाचं. नात सातवीत आली, गणित कच्चं. म्हणून बापाने कॉम्प्युटर घेऊन दिलाय, नेटवरची शिकवणी लावलीय. धडा बघायचा, मग चाचणी. मार्क तिकडे विजूला दिसणार. सहामाहीत सुधारली नाही तर तिला पुण्याला नेणार. दुडुदुडु चालायची तेव्हापासून आमच्याकडे आहे. हिने पुण्याला न्यायचं ते वाक्य परत वाचायला लावलं.

२ सप्टेंबर
नेट लागला की धडा, वीज गेली की शेंगदाणे. शिकवणारी बाई भरभर बोलते. मनी अपूर्णांकांत अडली. मी होडीवर शिकलेला, मला कुठलं येतंय. वाडीतली पोरं खिडकीत डोकावत होती. म्हटलं, "भायर कित्याक? आत येवा. रापण काय एकटो ओढता? सगळ्यांनी दोरयेक हात लावा." जो रापणीचं जाळं ओढेल त्याला मासळीत वाटा. किनाऱ्यावर तसंच घरात.

१९ सप्टेंबर
घर भरलेलं असतं. शेजारची रेश्मा, मनीच्याच वर्गातली, गणितात वाघीण. शिकवणीच्या चाचणीत नव्वद. विजूचा फोन: "बाबा, मनी भारी निघाली हा."
"मगे? नात कोणाची."
ही आतून, "डोक्यान माझ्यार गेली हा. तुमी फुगू नकात."

६ नोव्हेंबर
सहामाहीचा निकाल. मनी गणितात एकवीस. रेश्मा वर्गात पहिली.
मनी म्हणते, "आजोबा, गणितां रेश्मान सोडयली. मी नुसतो माऊस धरून होतंय."
नव्वद सगळ्या रापणीचे. विजूला दिसले एकट्या मनीच्या नावावर. आणि ओढायला मीच बसवलं...

८ नोव्हेंबर
विजू फोनवर तापलेला. "घरात नव्वद नि शाळेत एकवीस? शाळाच बेकार. नाताळात येतंय, दाखलो काढून नेतंय."
खरं सांगितलं तर मनी लबाड ठरते, कॉम्प्युटर जातो, रेश्माचंही शिकणं थांबतं. नाही सांगितलं तर मनी जाते. मी नुसता हो हो करत राहिलो. फोन ठेवल्यावर ही गायीकडे गेली.

१२ नोव्हें.
मनी एकटीच चाचणीला बसली. दाराला कडी. शंभरात चाळीस. ते पण विजूला दिसणार. मी बाहेर ओट्यावर, जाळ्याची गाठ चुकत होती.

१४ नोव्हें.
मेल लिहिली. इंग्रजी अक्षरं होड्यांच्या पाट्यांवरून शिकलेला, एका बोटाने सकाळ गेली. मनी म्हणाली मी लिहिते. नको म्हटलं, ह्याला दुसऱ्याचा हात नको. सगळं घातलं, पोरांना मी बसवलं तेही. शेवटी असं:
"आता रेश्मा तिका शिकयता, सोडवचा मनीनच. वार्षिकपर्यंत थांब. नायच जमला तर ने, मी आडवो येवचंय नाय. फोनार खोकत होतस, तो खोकलो कसो आसा? तुझ्या आवशीन मनीची बॅग माळ्यावरसून काढून ठेवली हा. भरूची की नाय, ता बेगीन लिव."