कुरतडलेले दिवे

शिमोसुवा,
२१ नोव्हेंबर

लेन्सच्या आधीच्या मालकांना
सादर नमस्कार.

आपली ओळख नाही, तरी लिहिते आहे. इकडे थंडी सुरू झाली. सकाळी सरोवरावर एवढी वाफ असते की पलीकडे ओकाया गाव आहे हे नुसतं मानून घ्यावं लागतं. तिकडे तोक्योत इतका गारठा नसेल. आपली प्रकृती ठीक असावी.

मी इथे एक लहानसा फोटो स्टुडिओ चालवते. गावातली म्हातारी माणसं गेल्यावर देव्हाऱ्यात लावायचा स्वतःचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवायला येतात. मुलांच्या हाती सोडलं तर मोबाइलमधला जेवतानाचा फोटो लावतील, अशी त्यांना भीती असते. त्यांना फोटो फिल्मवरच हवा असतो, म्हणून आमचा जुना मीडियम फॉरमॅट कॅमेरा मी चालू ठेवला आहे. मध्यंतरी त्याच्या लेन्सचं शटर अडकलं. या कॅमेऱ्यांचं शटर लेन्सच्या पोटातच असतं, त्यामुळे ते गेलं की लेन्स गेली, आणि सुटे भाग आता कुणी करत नाही. म्हणून तोक्योतल्या नाकानोला जाऊन इसोगाईंच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातून मी आपली लेन्स घेतली.

इसोगाईंचा स्वभाव आपल्याला ठाऊक असेल. आपल्याच मालाचे दोष ते इतक्या प्रेमानं लिहितात की तेवढ्या प्रेमानं स्थळ आणणारे गुणसुद्धा सांगत नाहीत. आपल्या लेन्सच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत होतं: ‘बुरशी नाही. अंगावर झिजेच्या खुणा. आत कडेला काळ्या रंगाचा थेंब, फोटोवर परिणाम नाही.’ मी म्हटलं, झिजेच्या खुणा मलाही आहेत, जमेल आमचं. मी फक्त बुरशी तपासली. थेंबाकडे नीट पाहिलंच नाही. लेन्सच्या पिशवीत खायच्या नोरी शेवाळाच्या डब्यात येतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या होत्या. ही काटकसर आमच्याही घरातली, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही.

घरी आल्यावर पहिला रोल आईवर काढला. तिचाही देव्हाऱ्याचा फोटो व्हायचा होता. कॅमेऱ्याचा मोठा चाकांचा स्टँड मागच्या दारानं अंगणात ढकलत नेला. वडिलांनी त्या स्टँडसाठीच मागच्या दाराचा उंबरा कधीचा तासून काढला आहे. आई पर्सिमनच्या झाडाखाली बसली. मागे सार्वजनिक स्नानगृहाच्या गल्लीतले दिवे लागले होते. ती म्हणाली, “सुरकुत्या राहू दे, पण हनुवटी एकच दिसू दे.”

रोल धुतला आणि ओली पट्टी उजेडासमोर धरली. आईचा चेहरा छान आला होता. तिच्या डोक्यामागे गल्लीतले दिवे फोकसबाहेर जाऊन गोल गोल झाले होते, तसे ते होतातच. पण प्रत्येक गोलाला खालच्या कडेला एक चावा होता.

इथपर्यंत ‘आपण’ म्हणून लिहिलं. आता जमत नाही, दादा.

पट्टी माझ्या हातातून सिंकमध्ये पडली. डार्करूमच्या ओल्या फरशीवर मी किती वेळ बसले होते ते मला सांगता येणार नाही. बाहेरून आईनं विचारलं, “शिनो, पडलीस का?” मी म्हटलं, “नाही, बसलेय.” ती म्हणाली, “मग बसताना एवढा आवाज करू नये.”

बाबांनी तुझी लेन्स जेवणाच्या टेबलावर उघडली होती, आठवतं ना? आतला काळा रंग उडालाय म्हणून ब्रश मारला, आणि एक थेंब ओघळून कडेवर वाळला. मग तू काढशील त्या फोटोत दिव्यांचे गोल कुरतडलेले येऊ लागले. बाबा ओशाळले, साफ करून देतो म्हणाले, तर तू त्यांना हात लावू दिला नाहीस. “उंदरानं कुरतडलेले दिवे जगात फक्त माझ्याकडे आहेत,” असं सगळ्यांना सांगत सुटलास. माझ्या लग्नाच्या फोटोत देवळाबाहेरचे सगळे कंदील कुरतडलेले आहेत. सासूबाई अजून विचारतात, तुमच्याकडच्या कंदिलांना झालं होतं काय?

मला ती लेन्स कोट्यवधी लेन्समधून ओळखू येते. आणि ती लेन्स सरोवराच्या तळाशी आहे.

म्हणजे होती. अठरा वर्षं होती. त्या वर्षी सरोवर गोठून बर्फ दुभंगला होता आणि त्याचा उंच कडा या काठापासून त्या काठापर्यंत उठला होता. त्या वाटेनं देव सरोवर ओलांडून चालत गेले असं मानतात, म्हणून सारं गाव पहाटे बघायला लोटलं होतं. दुपारी काठावर तुझा ट्रायपॉड उभा सापडला, त्यावर कॅमेरा नव्हता. लोक म्हणाले, कॅमेरा हातात घेऊन कडा जवळून टिपायला आत गेला आणि पातळ जागी पाय पडला. मीही तेच म्हटलं. बर्फ वितळल्यावर पाणबुडे उतरले, त्यांना काही मिळालं नाही. चिखल खोल आहे म्हणाले. तो चिखल मी इतकी वर्षं डोळ्यांसमोर आणत आले. थंडीत आंघोळीच्या गरम पाण्यात उतरताना दर वेळी मला तुझ्या आठवणीनं लाज वाटायची.

आणि तू नाकानोला लेन्स पुसत बसला होतास.

तू जिवंत आहेस याचा मला आनंद झाला का, हे मला अजून कळलेलं नाही. रागाची मात्र खात्री आहे.

काल पुन्हा तोक्योला गेले. इसोगाईंना वाटलं, माल परत करायला आले.

“बाई, थेंबाबद्दल चिठ्ठीवर लिहिलं होतं,” ते म्हणाले.

“थेंबाबद्दल तक्रार नाही. ही लेन्स कुणी आणली?”

“ते सांगता येत नाही. उद्या तुम्ही काही विकलंत, तर तुमचंही नाव मी कुणाला सांगणार नाही.”

“डावखुरा होता का?”

त्यांनी चहाचं भांडं उचललं, परत खाली ठेवलं. “बाई, मी लेन्सचे दोष सांगतो. माणसांचे सांगत नाही.”

“मग लेन्सचंच सांगा. का विकली?”

“फोकस दिसेनासा झाला म्हणाले. एक डोळा गेलाय, दुसरा चाललाय. ती ओढायची नाडी आहे ना पिशवीची, ती डाव्या हातानं बांधून माझ्यासमोर ठेवली, आणि लेन्सला वाकून नमस्कार केला. चाळीस वर्षं धंद्यात आहे, किमतीसाठी घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही. असं गिऱ्हाईक परत येत नाही.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पत्र दिलंत तर पोचवीन. तेवढं नियमात बसतं.”

त्यांच्या काउंटरवर मला रडू आलं, याचा मला फार संताप आला. ते बिचारे दुसरीकडे बघत एकच फिल्टर पुसत राहिले.

म्हणून हे पत्र. का गेलास, ते मी विचारत नाही, कारण मला माहीत आहे. त्या दिवशी न्याहारीच्या वेळी मी तिथेच होते. तू म्हणालास, स्टुडिओ मला चालवायचा नाही, मी तोक्योला जातो. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आई म्हणाली, “आज हा उंबरा ओलांडून गेलास, तर पुन्हा तो ओलांडून आत येऊ नकोस.” तू वाडगा खाली ठेवलास आणि गेलास.

आई लहानपणापासून तुला काय काय सांगत आली. छत्री ने, दात घास, सरळ बस. त्यातलं जन्मात एक वाक्य तू ऐकलंस, ते हे.

तिला वाटतं, तिच्या बोलण्यानं तू बर्फावर गेलास. हे तिनं कधी तोंडानं कबूल केलं नाही. तिनं फक्त तुझं ताट मांडायला सुरुवात केली. प्रवासाला गेलेल्या माणसासाठी मांडतात तसं. रोज सकाळी लहान चौरंगावर झाकणाचा वाडगा, त्यात भात, शेजारी मिसोचं सूप आणि लोणचं, चॉपस्टिक्स तुझ्यासाठी डाव्या हाताला. थोड्या वेळानं ती झाकण उचलून आतून बघायची. झाकणाला दव धरलेलं असलं, तर माणूस सुखरूप आहे. मी एकदा म्हटलं, “आई, गरम भातावर झाकण ठेवलं तर दव येणारच.” त्यावर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती पायरीवर घसरली. बरी आहे, पण त्यानंतर मला म्हणाली, “मी गेल्यावर त्याला कोण वाढणार? तू तर भात करपवतेस. उपाशी भटकण्यापेक्षा त्याला देव्हाऱ्यात बसवू, म्हणजे भटजी तरी बघतील.” मग आम्ही कोर्टात अर्ज केला. कोर्टाच्या फलकावर तुझ्या नावाची सूचना लागली आहे. तीत लिहिलंय, अमुक इसम जिवंत असल्यास त्यानं महिनाअखेरपर्यंत तसं कळवावं, अन्यथा तो मृत समजला जाईल. वाचून मी हसले होते. पाण्याखालून कोण कळवणार?

मुदत अजून संपलेली नाही, दादा. देवळातून तुझं मरणोत्तर नाव ठरून आलं आहे. चांगलं आहे, त्यात सरोवर आहे. मला तुझा फोटो मोठा करून फ्रेममध्ये घालायचा आहे, आणि काचेवर कापड फिरवायला माझा हात उठत नाही. सूचना लागली त्या सकाळपासून आईनं ताट मांडणं थांबवलं. चौरंग फडताळावर चढवला. तिचं जेवण निम्म्यावर आलं आहे.

मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगितलं आणि तू आलाच नाहीस, तर ती दुसऱ्यांदा मरेल. न सांगता तुझे अंत्यविधी उरकले आणि तू कुठेतरी भात खात बसलास, तर मी मरेन. यातलं कुठलं करू, ते तू कळव. तुझ्याकडे वेळ होता, माझ्याकडे नाही.

प्रिंट मी लपवून ठेवले होते. पण आईला आपला फोटो पाहायचाच होता, आणि तिच्यापासून या घरात काही लपत नाही. आज संध्याकाळी तिनं ते मागून घेतले. बाबांचं भिंग काढलं. मला वाटलं, हनुवटी मोजणार. तिनं भिंग चेहऱ्यावर ठेवलंच नाही. डोक्यामागच्या दिव्यांवर ठेवलं आणि एकेका दिव्यावरून हळूहळू सरकवत नेलं.

“लेन्स कुठून आणलीस?”

“तोक्योहून. जुनी आहे.”

“हं,” म्हणाली. भिंग पुसून खणात ठेवलं आणि झोपायला गेली. हनुवटीबद्दल एक अक्षर नाही. मी भीतीनं तिच्या मागे गेले नाही.

हे पाकीट मी बंद करते आहे.

२२ नोव्हेंबर, सकाळ

पाकीट उघडलं.

उठून स्वयंपाकघरात गेले, तर आई स्टुलावर चढून फडताळावरून चौरंग काढत होती. एवढ्या दुखऱ्या पायानं. मी ओरडायला तोंड उघडलं, ती म्हणाली, “भात लाव. आणि लक्ष दे.” मी लावला. तिनं वाडगा भरला, झाकण घातलं, चॉपस्टिक्स डाव्या हाताला ठेवल्या, आणि आम्ही दोघी त्या ताटासमोर बसलो. मग तिनं झाकण उचललं, आतून पाहिलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. दवाचे थेंब ओघळत होते.

“बोल आता. गरम भातावर येतंच म्हणून,” ती म्हणाली.

मी बोटानं एक थेंब टिपला.

तिनं वाडगा पुन्हा झाकला. खिडकीतून पर्सिमनकडे बघितलं. मग, जणू दूधवाल्याला निरोप द्यावा तशा आवाजात, म्हणाली, “तुझं लिहून झालं असेल तर खाली एवढं घाल. मी बोलले ते पुढच्या दाराच्या उंबऱ्याबद्दल. मागच्या दाराला उंबरा नाही, त्याच्या बापानं तो तासून काढलाय. शब्द मोडत नाही.”

घातलं.

डोळ्यांना कमी दिसत असेल, तर स्टेशनवरून टॅक्सी कर. स्टुडिओच्या मागच्या गल्लीत उतर. मी कडी काढून ठेवली आहे. भात तळाला थोडा लागला आहे, तो तुलाच वाढणार.

तुझी, राग अजून न शमलेली,
शिनो