उतार निर्दोष सुटला

मंगरूळपीर, पौष वद्य पंचमी

रा. रा. नथ्थूजी दाजी यांसी दौलतचा रामराम. आवडाक्काच्या शेकानं तुमचा गुडघा आता वाकू लागला असेल. (आम्ही सगळे मजेत. मी तर विशेषच.)

दाजी, जिंकलो! चंपतची आणि माझी विहीर एक, मोट एक, पाणी नेणारा दांडही एकच. मळा त्याचा वर सपाटीला, माझा खाली. माझ्या पाळीला पाणी उतारावरून असं धावत येतं की चंपतच्या पोटात दुखायला लागलं. त्यानं पंच बसवले. म्हणे, "उतार पानी ओढून राह्यला. याच्या वांग्याईले जास्त जाते. याची पाळी अर्धी करा." अर्ध्या पाळीत माझी वांगी ऐन बाजारात वाळली असती, घरी आमची गिरजा तर रडायलाच लागली. मी मात्र (तिसरीतून पळालेला म्हणता ना मला?) घंगाळ मागवलं. आधी चंपतच्या वाफ्याशी लावलं, मग माझ्या. तितक्याच मोटांत काठोकाठ! पंचांना दांडात हात घालायला लावला: वर पाणी खोल आणि आळशी, खाली पळतं, पण बोटभरच. उतार पाण्याला पळवतो, वाढवत नाही. विहिरीनं दिलं तेवढंच पुढं जाणार, हे मी इतकं ठासून सांगितलं की पंच गोविंदसिंगांनी मला स्वतःच्या डब्यातलं पान दिलं. पाळी पूर्ण राहिली. चंपतचं तोंड तुम्ही पाहायला हवं होतं.

तुमचा विजयी मेहुणा,
दौलत

ता. क. जाता जाता गोविंदसिंगांनी घंगाळ सहज विहिरीपाशीही लावलं. तिथं ते एक मोट कमीतच भरलं. "मंग मधातलं पानी गेलं कुठी?" शोधलं, तर विहिरीजवळच दांडाच्या बांधात घुशीचं बीळ, आणि तिथून उतारानं थेट माझ्या कोहळ्याच्या वेलाखाली. (कोहळी यंदा एवढी कशी माजली, याचं मलाही नवलच वाटत होतं.) निम्मी कोहळी चंपतला द्यायची ठरली. पाळीला मात्र धक्का नाही, हे ध्यानात घ्या.

आणखी ता. क. वाटणीला चंपतनं सगळा वेल चाचपला. "देठ कापेल हाये न् कोहळं नाही. ते कुठी गेलं?" ते सर्वांत मोठं, मी आक्काबरोबर धनजला तुमच्या घरी पाठवलेलं. तुम्ही कालपरवापर्यंत कारंज्याला होता, आणि बायका कोहळ्याला पहिली सुरी लावत नाहीत, म्हणजे ते अजून अखंड असणार. चंपत येत्या रविवारी सोयरिकीच्या निमित्तानं तुमच्याकडेच येतो आहे. पत्र मिळताच चिरा, शेजारी वाटा, सालं बैलाला घाला, बिया चुलीत टाका. काही म्हणता काही उरू देऊ नका. चंपत आता फार बारीक हिशेब करतो. शिकवलं मीच ना!