नीळ बरी की पिवडी

ता. ३ फेब्रुवारी १९३६, सोमवार. उपास.
माजघरापलीकडची खोली रंगवून घे, असं हे आपण होऊन म्हणाले. लग्नाला अकरा वर्षं झाली, असं प्रथमच. म्हणजे चैत्रातलं माझं हळदीकुंकू ध्यानात आहे. चुन्यात नीळ घालायची. स्वस्त आणि सात्त्विक. निश्चय पक्का. मॅट्रिकला ड्रॉइंग होतं मला.

ता. ५, बुधवार.
रंगारी गेणबाने दाराजवळ दोन पट्टे ओढले. एक निळीचा, एक पिवडीचा. सासूबाई म्हणाल्या, पिवळाच, शुभ असतो. हळदीकुंकवाची त्यांना एवढी हौस असेल असं वाटलं नव्हतं. हे पुन्हा इंदापूरला, उसाचं बेणं पाहायला. पंधरवड्यातली तिसरी खेप. माणसानं किती राबावं.

ता. ८, शनिवार.
ओली नीळ गडद वाटली होती. वाळल्यावर अगदी देवघरातल्या कृष्णासारखी. माझंच खरं. गेणबा म्हणाला, "निळीनं खोली गार वाटती, बाईसाहेब. पर नवी नवरी यायच्या खोलीला पिवडीच लावत्यात." मी हसले. सांगितलं, या घरात कुणाचं लग्न नाही. तो बराच वेळ कुंचला धूत बसला.

ता. १०, सोमवार. उपास.
सासूबाईंनी ठेवणीतली नथ बारामतीच्या सोनाराकडे उजळायला दिली. माझ्या नाकाला जरा मोठी, पण घालीन. शेजारच्या ठमाबाई आल्या आणि उगाच डोळे पुसून गेल्या. डोळे आले असावेत. गुलाबपाणी द्यायला हवं.

ता. १३, गुरुवार.
यांनी जेवताना सांगितलं. मुलगी इंदापूरची, सासूबाईंच्या नात्यातली. रतन. घराला वंश हवा, म्हणाले, तुझं काही कमी होणार नाही. मागचा भात वाढायचा राहिला होता, तो वाढला. म्हटलं, "मग रंग लवकर ठरवायला हवा."

ता. १४.
संकल्प: वाईट वाटून घ्यायचं नाही. सोमवार सोडायचे नाहीत. पिवडी सांगितली. तशीही उजेडाला बरी.

ता. २ मार्च, सोमवार.
काल लग्न लागून रतन घरी आली. खोली मीच दाखवली. दाराआड निळीचा पट्टा गेणबाने तसाच ठेवलाय. तिने त्यावरून बोट फिरवलं. हळूच म्हणाली, "अक्का, मला ह्यो आवडला असता."
विचारलं कुणी असतं तर.
उरलेली नीळ वाया कशाला घालवायची? आज यांच्या लग्नातल्या धोतराला दिली. पांढरंशुभ्र निघालं. हळदीचा एक डाग तेवढा राहिला.