प्रेशर उतरवण्याचा तक्ता

२ फेब्रुवारी
डॉक्टरांनी प्रेशर मोजलं. जास्त. सोबत आलेल्या बायकोचंही मोजलं. तेही जास्त. दोघांनाही सांगितलं, महिनाभर रोज चाला, नाही उतरलं तर गोळी सुरू.
गोळी मी घेणार नाही! बाबांनी जन्मभर गोळ्यांची डबी खिशात खुळखुळवली. मला त्या आवाजाची भीती वाटते. पण मी कारखान्यात प्लॅनिंग खात्यात आहे. अख्ख्या कारखान्याचं वेळापत्रक लावतो, तिथे एका प्रेशरची काय कथा!

३ फेब्रुवारी, सकाळ
चाललो नाही. आधी तक्ता. चालणं हिरवं, पळणं पिवळं, विश्रांती निळी. सध्या निळं जरा जास्त दिसतंय.
बायको आहे त्या चपला घालून निघाली. बिनप्लॅनचं काम. किती दिवस टिकतं बघू.

५ फेब्रुवारी
बूट आणले. मॅरेथॉनवाले हेच घालतात म्हणे. चावतात. तक्त्यात ‘बूट सैल करणे’ वाढवलं. सोफ्यावर बसून सैल करतोय.

८ फेब्रुवारी, रविवार
घरी आढावा बैठक. हजर: मी आणि बायको. ती हात कसे चुकीचे हलवते, श्वास कसा चुकीचा घेते, हे नीट समजावलं. मध्येच उठून चपला घालून गेली. तासाने आली. बैठकीची काही शिस्त म्हणून नाही.

१३ फेब्रुवारी
ऑफिसात डोक्याचं भजं. कच्चा माल आलाच नाही आणि साहेब माझ्यावरच उखडले, सगळ्यांसमोर. मान ताठरलीये, कानशिलं ठणकतायत. अशा डोक्याने चालणार कसं? ताण गेला की सुरू करेन.
बायको म्हणाली, अहो, चाललात तर ताण जाईल. आधी काय आणि नंतर काय, हे आता ही मला शिकवणार!

१९ फेब्रुवारी
चाललो! फाटकापर्यंत. तिथे शेजारचे निवृत्त मास्तर भेटले. त्यांना मोबाइलवर तक्ता उलगडून दाखवला. ते एकदम भरभर चालायला लागले. या वयात इतकी घाई बरी नव्हे.

२८ फेब्रुवारी
महिन्याभराचं राहिलेलं सगळं चालणं आज एका दमात उरकायला निघालो. कारखान्यात आम्ही असंच करतो. महिनाअखेरीला रखडलेला सगळा माल एकदम बाहेर काढायचा.
पुलावर पोटरीत पेटका आला. कठड्याला धरून बसलो. फोन केल्यावर बायको स्कूटर घेऊन आली. मला मागे बसवून घरी आणलं. भयंकर चीड आली. कोणाची, ते कळलं नाही.

२ मार्च
लंगडत डॉक्टरांकडे. माझं प्रेशर मागच्यापेक्षा वाढलंय. गोळी लिहून दिली.
बायकोचं उतरलंय. चक्क नॉर्मल! काय केलंत, असं डॉक्टरांनी कौतुकाने विचारलं. ती म्हणाली, विशेष काही नाही, हे तक्ता समजावायला लागले की मी बाहेर पडायचे.
डॉक्टर हसले. मीही हसलो. काय करणार?

३ मार्च, सकाळ
पहिली गोळी घेतली. डबी खिशात ठेवली. खुळखुळली.
बायको चपला घालत होती. तक्ता राहू दे म्हटलं. आजपासून तुझ्याबरोबर येऊ का, असं विचारलं.
तिने खरंच विचार केला. मग म्हणाली, नको हो. आत्ता कुठे उतरलंय माझं.